अनंत चतुर्दशीच्या गर्दीत निरोप पोहोचवण्याची व्यवस्था: इंदूरच्या एका मंडळाच्या प्रकल्प नोंदी

१९ मार्च २०२५, रंगपंचमी

आमचे मंडळ अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांच्या (सजवलेल्या देखाव्यांच्या) मिरवणूक मार्गावर पाणी, प्रथमोपचार आणि हरवलेल्यांची चौकशी यांसाठी मदत-केंद्रे चालवते. जेल रोड, नंदलालपुरा, नरसिंह बाजार, खजूरी बाजार आणि राजवाडा अशी पाच केंद्रे असून त्यांचा आपसांतला सगळा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटावर चालतो. गर्दी भरली की हा गट ठप्प होतो, आणि एका केंद्रावर आणून बसवलेल्या मुलाचे पालक दुसऱ्या केंद्रावर रडत उभे असूनही कोणालाच ते कळत नाही. यंदा यावर काही उपाय करावा असे कार्यकारिणीत ठरले आणि काम माझ्याकडे आले. आजच्या गेरीत (रंगपंचमीच्या मिरवणुकीत) राजवाड्यापाशी तशीच गर्दी होणार असल्याने मोजमापाची आयती संधी मिळाली.

तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे असलेले फोन झिपच्या पिशव्यांत घालून आम्ही टोरी कॉर्नरपासून राजवाड्यापर्यंत चाललो. प्रत्येक फोनवर सिग्नलची ताकद दाखवणारे अ‍ॅप आणि ठरावीक अंतराने पिंग (नेट चालू आहे का हे पाहणारी छोटी हाक) पाठवणारी छोटी स्क्रिप्ट चालू होती. ताकद बहुतेक वेळ उणे ७५ ते उणे ८५ डीबीएमच्या दरम्यान, म्हणजे उत्तम होती. पिंगचे उत्तर मात्र कित्येक सेकंदांनी येत होते किंवा येतच नव्हते. रेंज पूर्ण आणि नेट बंद, हा जो अनुभव सर्वांनाच येतो त्याचे कारण असे की फोनवरच्या दांड्या टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती मोठा येतो एवढेच सांगतात. त्या टॉवरच्या त्या दिशेच्या भागावर किती जण ओळीत उभे आहेत हे त्यांतून कळत नाही.

दोन गोष्टी विशेष लक्षात आल्या. पहिली म्हणजे खाली येणाऱ्या माहितीपेक्षा वर जाणारी माहिती आधी तुंबते. गेरीत प्रत्येक जण व्हिडिओ काढून तत्काळ पाठवत असतो, तर रेडिओलहरींच्या ज्या पट्ट्यांत येण्याजाण्याला वेळ वाटून दिलेला असतो (आपल्याकडील २३०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा त्यांपैकी एक) तिथे जास्त वाटा खाली येणाऱ्या माहितीला मिळतो. दुसरी म्हणजे साधा कॉल कधीकधी लागतो, पण व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही. ४जीवरील साध्या कॉलला नेटवर्कमध्ये वेगळी, अग्रक्रमाची वाट मिळते; व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल इतर माहितीबरोबरच ढकलला जातो. मात्र या दोन्हींच्या आधी फोनला टॉवरकडे 'मला बोलायचे आहे' अशी विनंती करावी लागते. त्यासाठी एका वेळी ६४ खुणाच उपलब्ध असतात आणि दोघांनी एकच खूण उचलली की टक्कर होऊन दोघांना पुन्हा प्रयत्न करावा लागतो. हा दरवाजाच तुंबला की कॉलही लागत नाही.

परतल्यावर दिसले की एका पिशवीची झिप नीट बसली नव्हती. रंगाच्या पाण्याने त्या फोनचा चार्जिंग पोर्ट गेला, दुरुस्तीला १,२०० रुपये पडले आणि प्रकल्पाचे खाते खर्चानेच उघडले.

३० मार्च, गुढीपाडवा

सायंकाळी बैठक झाली. मोबाइल कंपन्यांना पत्र लिहून त्या रात्रीपुरता चाकांवरचा तात्पुरता टॉवर मागावा, ही सूचना सर्वांना आवडली. असे टॉवर कुंभमेळ्यासारख्या ठिकाणी लावले जातात हे खरे आहे. पत्रे लिहायचे ठरले, परंतु आपली व्यवस्था त्यांच्यावर अवलंबून ठेवू नये असे मी आग्रहाने सांगितले, कारण आला तरी तो टॉवर सर्वांसाठी असेल आणि व्हिडिओ पाठवणारी गर्दी तोही भरून टाकेल. पाच केंद्रांमधले निरोप त्या ओळीच्या बाहेरूनच जायला हवेत.

१३ एप्रिल

वॉकी-टॉकी भाड्याने देणाऱ्या दोन दुकानांत चौकशी केली. दोन्हीकडे पाच वॉटचे संच दाखवले गेले आणि परवान्याचे विचारल्यावर 'सगळे असेच वापरतात' असे उत्तर मिळाले. आम्ही नकार दिला. भारतात परवान्याशिवाय वापरता येणारे हातातील संच ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातले, मर्यादित शक्तीचे असतात आणि त्या उपकरणाला प्रकार-मान्यता (त्या मॉडेलला सरकारी मंजुरी) असावी लागते. मिरवणूक पोलिस बंदोबस्तात निघते. तिथे कोणाच्या तरी राखीव लहरींवर बोलणारा संच घेऊन उभे राहणे मंडळाला परवडणारे नाही. एका परिचितांकडून परवानामुक्त पट्ट्यातील दोन संच तात्पुरते मागून आणले.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आज इंदुरात पावलोपावली वराती होत्या, म्हणून संच तपासायला हाच दिवस निवडला. एक जण वरातीच्या डीजेमागे आणि दुसरा दोन गल्ल्या सोडून उभा राहिला. निरोप पोहोचत होता, पण ऐकू येत नव्हता. कानाला संच लावून, दुसरा कान बंद करूनही 'मुलगा' की 'मुलगी' हे कळेना, आणि बोलणाऱ्याच्या संचात त्याच्या आवाजापेक्षा ढोल जास्त शिरत होता. कंठाला लावायचे माइक मिळतात, परंतु दर दोन तासांनी बदलणाऱ्या स्वयंसेवकांना ते बांधत बसणे अव्यवहार्य वाटले.

या एका संध्याकाळने प्रकल्पाची दिशा ठरवली. ज्या ठिकाणी आवाजच चालत नाही तिथे लिखित निरोप हवा, जो हुकला तरी पडद्यावर राहतो आणि ज्याची सूचना खिशातल्या थरथरीने मिळते.

२२ जून

लोरा पद्धतीचे (थोड्या विजेत लांबवर छोटे निरोप पाठवणारे) छोटे रेडिओ-बोर्ड मागवले. त्यांवर मेशटॅस्टिक ही मुक्त प्रणाली चढवता येते. बोर्ड ब्लूटूथने फोनला जोडायचा, फोनवर निरोप लिहायचा आणि बोर्ड तो रेडिओने दुसऱ्या बोर्डाकडे पाठवतो. मधला बोर्ड ऐकलेला निरोप पुढे उच्चारतो, त्यामुळे मोबाइल टॉवर, सिम किंवा इंटरनेट यांची गरज पडत नाही. भारतात यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त आहे आणि प्रणालीत देश म्हणून भारत निवडला की ती ८६५ ते ८६७ मध्ये चालते. देश निवडेपर्यंत बोर्ड प्रक्षेपणच करत नाही. ही गोष्ट माहीत नसल्यास 'बोर्ड खराब आला' असे वाटून एक दिवस सहज जातो.

पहिल्या खेपेत दोन बोर्ड ४३३ मेगाहर्ट्‌झचे आले. दिसायला सारखेच, किमतीला थोडे कमी, आणि यादीतील ओळ नीट न वाचता मागवलेले. ते आपल्या पट्ट्यात उपयोगाचे नाहीत. विक्रेत्याने परत घेतले नाहीत आणि ४,४०० रुपये बुडाले. हेच काम करू इच्छिणाऱ्यांनी खोक्यावर ८६८ लिहिले आहे याची खात्री करूनच पैसे द्यावेत, कारण ८६८च्या बोर्डात ८६५ ते ८६७ बसते. अँटेनाही त्याच पट्ट्याची हवी, आणि ती लावल्याशिवाय बोर्ड कधीही चालू करू नये. प्रक्षेपणाची शक्ती बाहेर जायला वाट नसली तर बोर्डाचा प्रक्षेपण करणारा भागच जळू शकतो.

दरम्यान मे महिन्याच्या अखेरीस केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांवरील वॉकी-टॉकी विक्रीसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिलमध्ये दिलेला नकार योग्य होता, हे आमच्या खजिनदार काकांनाही आता पटले आहे. तोवर त्यांना भाड्याचे पाच वॉटचे संच स्वस्तात सुटत असल्याची हळहळ होती.

१३ जुलै

रामबागेत पहिली चाचणी घेतली. दोन प्रकारचे बोर्ड आहेत: ईएसपी३२ चिपचे, जे वीज जास्त खातात, आणि एनआरएफ५२ चिपचे, जे फारच कमी खातात. कमी खाणारे चांगले असे समजून ते पॉवर बँकेला जोडले, तर थोड्या वेळाने एकामागून एक बंद पडू लागले. बोर्ड इतकी कमी वीज घेतात की पॉवर बँकेला काही जोडलेलेच नाही असे वाटते आणि ती स्वतःला बंद करते. या एका कारणाचा शोध घेण्यात जवळजवळ सगळी दुपार गेली, कारण संशय आधी प्रणालीवर, मग केबलवर आणि शेवटी पॉवर बँकेवर आला. आता सर्व बोर्डांना १८६५० मापाचे (पुन्हा भरता येणारे लिथियम) सेल थेट लावले आहेत आणि पॉवर बँक फक्त फोनसाठी ठेवली आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

शनिवारी रात्रीचा सराफा बाजार ही अनंत चतुर्दशीची लहान आवृत्तीच असते. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना खाऊच्या गाड्या आणि मध्ये हलायलाही जागा नसलेली माणसे. एक बोर्ड सराफ्यात, एक खजूरी बाजारात, एक राजवाड्यापुढे आणि एक जेल रोडला ठेवला. जेल रोड ते खजूरी बाजार हे अंतर सरळ रेषेत जेमतेम किलोमीटरभर असेल. उघड्या मैदानावर याच्या कितीतरी पट अंतर हे बोर्ड सहज तोडतात. इथे मात्र निरोप पोहोचेचना.

पहिले कारण माणसे. शरीरात पाणी असते आणि ते रेडिओलहरी शोषते. खिशातल्या किंवा टेबलावरच्या बोर्डाभोवती माणसांची भिंत उभी राहिली की पल्ला काही गल्ल्यांपुरता उरतो. बोर्ड हातात धरून डोक्यावर उंच केला की अडकलेले निरोप धडाधड येत होते. दुसरे कारण खुद्द राजवाडा. खालचे तीन मजले दगडी असलेली ती सात मजली वास्तू नेमकी दोन केंद्रांच्या मध्ये येते आणि तिच्या पलीकडे जायचे तर वरूनच जावे लागते.

तिसरे कारण शोधायला सर्वांत जास्त वेळ लागला. बोर्ड आपले स्थान, बॅटरीची स्थिती आणि आपली ओळख अधूनमधून आपण होऊन प्रसारित करत असतात, आणि ऐकणारा प्रत्येक बोर्ड ते पुढे उच्चारतो. मूळ सेटिंगमध्ये वेग एवढा कमी असतो की पूर्ण लांबीचा एक निरोप हवेत सुमारे दोन सेकंद घेतो. मोजके बोर्ड एकमेकांचे पुन्हा पुन्हा उच्चारू लागले की आमचे स्वतःचेच नेटवर्क तुंबते. ज्या रोगावर औषध शोधायला निघालो तोच रोग औषधाला झाला होता. अ‍ॅपमध्ये चॅनेल किती व्यापले आहे याची टक्केवारी दिसते आणि ती पंचवीसच्या खाली ठेवावी असा संकेत आहे; आमची त्याच्या पुष्कळ वर होती.

उपाय असे केले. स्थानाचे प्रसारण सर्व बोर्डांवर बंद केले, कारण केंद्रे हलत नाहीत आणि ती कुठे आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. बॅटरीची माहिती फार क्वचित जाईल असे ठेवले. मूळ वेगाऐवजी मध्यम पल्ल्याचा जलद प्रकार निवडला, ज्यात तोच निरोप सुमारे ०.६ सेकंदात संपतो. पल्ला थोडा घटतो, पण आमची अडचण अंतराची नव्हतीच. शिवाय सार्वजनिक चॅनेल सोडून स्वतःच्या गुप्त किल्लीचा खासगी चॅनेल केला, कारण हरवलेल्या मुलांची माहिती कोणालाही वाचता येणे बरोबर नाही.

१० ऑगस्ट

खजूरी बाजारातील एका परिचितांच्या चौथ्या मजल्यावरील गच्चीवर बोर्ड बसवला, थोडी लांब अँटेना उभी केली आणि केबल शक्य तेवढी आखूड ठेवली, कारण लांब केबलमध्येच निम्मी शक्ती हरवते. त्यानंतर जेल रोडचे निरोप राजवाड्यावरून खजूरी बाजारात नीट येऊ लागले. एकूण खर्चातील सर्वांत उपयोगी पैसा या गच्चीवर लागला असे माझे मत आहे, आणि जागा फुकट मिळाली म्हणून तो दिसायलाही थोडा आहे. केंद्रांवरील बोर्ड मंडळाच्या ध्वजाच्या बांबूला, ध्वजाच्या खाली बांधायचे ठरले. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप हलका पडतो, पण या गल्ल्यांत विजेच्या तारा डोक्यावर लोंबतात. म्हणून कोरडा बांबूच वापरावा आणि तोही तारांपासून दूर उभा करावा.

आजचा उरलेला वेळ निरोपांच्या लांबीवर गेला. चाचणीसाठी मंडळातील एका ताईंनी हे वाक्य लिहिले: 'नंदलालपुरा केंद्रावर सहा वर्षांची मुलगी आहे, लाल फ्रॉक, नाव सांगत नाही, पालक आले तर इकडे पाठवा.' अ‍ॅपने ते घेतलेच नाही. एका निरोपाची मर्यादा दोनशेच्या थोड्या वर बाइट असते; रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलंत हे सगळे स्वतंत्र धरले जातात. म्हणजे हाती सत्तरच्या आसपास चिन्हे उरतात. देवनागरी अंकसुद्धा तीनच बाइट घेतो. साध्या एसएमएसचेही तसेच आहे: रोमनमध्ये १६० अक्षरे, पण त्यात एकही देवनागरी अक्षर आले की मर्यादा ७० वर येते आणि त्यापुढे निरोपाचे तुकडे होतात. गर्दीच्या नेटवर्कवर एक तुकडा अडकला की संपूर्ण निरोप अडकतो.

रोमनमध्ये मराठी लिहावे असा एक प्रस्ताव आला, आणि ज्येष्ठांनी तो फेटाळला. भावनेचा भाग सोडला तरी त्यांचे म्हणणे योग्य होते, कारण त्या लिपीत प्रत्येक जण वेगळे लिहितो आणि घाईत 'मुलगा' आणि 'मुलगी' यांतला फरक एका अक्षरावर राहतो. अखेर अंकांची तालिका केली. पहिला अंक केंद्राचा, दुसरा प्रकाराचा (१ मूल सापडले, २ मूल शोधत आहेत, ३ वृद्ध सापडले, ४ वृद्ध शोधत आहेत, ५ रुग्णवाहिका, ६ पाणी संपले, ७ माणसे हवीत), तिसरा वयोगटाचा, आणि नंतर हवे असल्यास कपड्याचा रंग व नाव देवनागरीत. अंक इंग्रजी टंकायचे. नंदलालपुऱ्याच्या त्या मुलीचा निरोप 'दोन-एक-दोन लाल फ्रॉक' एवढ्यात बसला. तालिका पुठ्ठ्यावर छापून प्रत्येक केंद्राच्या टेबलाला चिकटवली जाईल.

१७ ऑगस्ट

केंद्रांचा आपसांतला प्रश्न सुटत आला, तरी पालकांना फोन कसा लावायचा हे राहिलेच आहे. पालकांचा फोन त्याच गर्दीत, त्याच टॉवरवर अडकलेला असतो. फोन चालू असूनही 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' असे ऐकू येते आणि आपण तीन-चारदा प्रयत्न करून सोडून देतो. अशा वेळी एसएमएस जास्त उपयोगी पडतो. तो कंपनीच्या केंद्रात थांबून राहतो आणि तो फोन नेटवर्कला क्षणभर सापडला की पोहोचतो. कॉलसाठी दोन्हीकडची वाट एकाच क्षणी मोकळी असावी लागते. म्हणून ठरले की आधी एसएमएस पाठवायचा, सत्तर चिन्हांच्या आत: 'आपले मूल सुखरूप. खजूरी बाजार मदत केंद्र. इथेच या.' त्यानंतर कॉलचा प्रयत्न करत राहायचे.

मुख्य केंद्र खजूरी बाजारातील ज्या पुस्तकांच्या दुकानाच्या ओट्यावर असते तिथे फायबरचे इंटरनेट आहे. दुकानदारांनी वाय-फाय वापरायला दिले आणि फोनमधील वाय-फाय कॉलिंग चालू केले. हा कॉल टॉवरच्या ओळीत उभा न राहता तारेने बाहेर जातो, त्यामुळे रुग्णालयाला फोन लावायची खात्रीची सोय झाली. पैसा शून्य लागला. हे आधी सुचले असते तर गेल्या वर्षीची निम्मी धावपळ वाचली असती. या सोयीची एक अट आहे: राउटरचा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरावा, २.४ वर शेजारपाजारच्या हॉटस्पॉटची एवढी दाटी होते की वायर चांगली असूनही शेवटचे पंधरा फूट तुंबतात.

एक साधा बटनांचा फोनही घेतला आहे. ज्या कंपन्यांची २जी सेवा अजून चालू आहे तिथे सगळी गर्दी ४जी आणि ५जीवर असताना २जी तुलनेने रिकामे राहते. नेहमीच उपयोगी पडेल असे नाही, पण सुटे म्हणून ठेवायला हरकत नाही.

३१ ऑगस्ट

पोलिस ठाण्यात अर्ज, उपकरणांची यादी, लहरींचा पट्टा आणि मान्यतेची कागदपत्रे दिली. प्रश्न विचारले गेले, पण अडवणूक झाली नाही. बांबूला बांधलेले, दिवा लुकलुकणारे खोके गर्दीत पाहून कोणालाही शंका येऊ शकते, म्हणून प्रत्येक खोक्यावर मंडळाचे नाव आणि 'संपर्क यंत्र' अशी पाटी लावली आहे. मोबाइल कंपन्यांना पाठवलेल्या पत्रांपैकी एकालाही उत्तर आलेले नाही.

स्वयंसेवकांच्या सरावात दोन दोष उघडे पडले. फोन खिशात गेला की काही मिनिटांत अ‍ॅप झोपते आणि बोर्डाशी ब्लूटूथ तुटते, कारण फोनची बॅटरी बचत त्याला बंद करते. प्रत्येक फोनवर त्या अ‍ॅपपुरती बचत बंद करावी लागली. दुसरा दोष अधिक घातक होता. गटाला पाठवलेल्या निरोपापुढे खूण उमटली की सर्वांना तो 'पोहोचला' असे वाटते. त्या खुणेचा अर्थ एवढाच की कोणत्या तरी एका बोर्डाने तो ऐकून पुढे उच्चारला; ज्या केंद्राला तो हवा होता त्याला मिळाला की नाही हे त्यातून कळत नाही. म्हणून नियम केला: ज्या केंद्राने निरोप वाचला त्याने स्वतःचा अंक आणि शून्य पाठवायचे, आणि चार केंद्रांचे शून्य आल्याशिवाय टेबलावरच्या वहीत निरोपापुढे टिक करायची नाही. यामुळे हवेतील निरोप वाढतात, पण दोन चिन्हांचा निरोप क्षणात संपतो.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

दुपारी चारपर्यंत सर्व बांबू उभे राहिले. गिरण्या कधीच बंद झाल्या (हुकुमचंद मिल तर १९९१ मध्येच), तरी त्यांच्या कामगारांच्या झांक्या दरवर्षी निघतात आणि शहर त्यांच्यासाठी रात्रभर रस्त्यावर उभे राहते.

रात्री दहाच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर एकच खूण उमटू लागली आणि अकराच्या आधी गट पूर्ण निपचित पडला. रेडिओवरचे निरोप जात होते. जेल रोड आणि राजवाडा इथून एकही निरोप हुकला नाही. नरसिंह बाजाराचे शून्य मात्र उशिरा यायचे किंवा यायचेच नाही. माणूस पाठवून पाहिले तेव्हा कळले की मिरवणुकीतील उंच झांकी तारांखालून काढताना बांबू आडवा करायला लावला होता आणि तो नंतर तसाच भिंतीशी टेकून राहिला. बांबू उभा केला तरी अडचण पूर्ण सुटली नाही. त्या गल्लीतून खजूरी बाजारच्या गच्चीकडे जाणाऱ्या वाटेत उंच इमारती आहेत. सुटा ठेवलेला बोर्ड मधल्या एका घराच्या सज्जात दोरीने बांधला आणि मग रात्रभर त्रास झाला नाही. यात पाऊण तास गेला, आणि त्या वेळात नरसिंह बाजाराचे निरोप एका मुलाने पळत आणून दिले.

नंदलालपुऱ्यात सापडलेल्या एका लहान मुलाचा निरोप आला तेव्हा त्याची आई खजूरी बाजारच्या टेबलासमोर नाव नोंदवत होती. रंग आणि नाव जुळले आणि दोन स्वयंसेवक तिला घेऊन गेले. एका वृद्ध बाईंच्या मुलाचा फोन मात्र लागत नव्हता. एसएमएस पाठवून ठेवला होता; तो त्याला मिळाला तेव्हा तो गर्दी सोडून बराच लांब, जवाहर मार्गाच्या मोकळ्या टोकाला पोहोचला होता. एका रुग्णासाठी रुग्णालयाला वाय-फाय कॉल पहिल्याच वेळी लागला. बटनांच्या फोनचा उपयोग एकदाही झाला नाही.

पहाटे एका ईएसपी३२ बोर्डाचा सेल संपला. दुसरा सेल होता, पण तो बदलायला खोक्याचे चार स्क्रू काढावे लागतात आणि स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या केंद्रावर होता.

१४ सप्टेंबर

हिशेब कार्यकारिणीपुढे ठेवला. ८६८ चे आठ बोर्ड २१,६०० रुपये, चुकीच्या पट्ट्याचे दोन ४,४००, अँटेना २,८००, गच्चीची अँटेना आणि केबल १,४००, सेल २,४००, खोकी, बांबू, पट्ट्या व छपाई १,१००, फोनची दुरुस्ती १,२००. एकूण ३४,९०० रुपये. चुकीचे बोर्ड आणि फोन यांचे ५,६०० रुपये वाचवता आले असते. खजिनदार काकांनी 'पुढच्या वर्षी एवढा खर्च नाही ना?' असे विचारले. सेल आणि छपाई सोडून नवीन खर्च नाही असे सांगितले आहे, फक्त नरसिंह बाजारच्या सज्जासाठी आणखी एक बोर्ड कायमचा लागेल.

शेजारच्या दोन मंडळांनी हीच व्यवस्था मागितली आहे. त्यांना बोर्ड जोडून देण्याआधी हे स्पष्ट सांगितले की तेही आमच्याच वेगाने आणि आमच्याच पट्ट्यात बोलू लागले तर चॅनेल वेगळा असूनही हवा एकच राहील आणि निरोप एकमेकांवर आपटतील. त्यांच्यासाठी पट्ट्यातील वेगळी जागा निवडून द्यायची आहे. उज्जैनला २०२८ मध्ये सिंहस्थ आहे आणि तिथेही ही यंत्रे न्यावीत असे एकाने सुचवले. पाच केंद्रांसाठी जे जमले ते तिथल्या विस्ताराला पुरणार नाही, त्यामुळे ती सूचना तूर्त बाजूला ठेवली आहे.

खोक्यांचे स्क्रू काढून त्यांऐवजी हाताने उघडणाऱ्या खिट्ट्या बसवायला दिल्या आहेत. सेल अर्धे भरून, बोर्डांपासून काढून, वेगळ्या डब्यात ठेवले आहेत. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामे ठेवले तर ते लवकर खराब होतात. डबा ताईंकडे आणि तालिकेचे पुठ्ठे मंडळाच्या कपाटात आहेत.